कमरेइतकी चूल

गुरुजींनी माझ्या हातच्या पहिल्या आमटीला पस्तीस गुण दिले. मी नवी नवरी, त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने येऊन जेमतेम आठवडा झालेला, आणि घरमालकांना वाटीभर आमटी द्यावी एवढाच माझा साधा हेतू. त्यांनी ओसरीवर उभ्याउभ्या ती चाखली, डोळे मिटले, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "पस्तीस. पास आहात. पण ढकलपास."

मी रडकुंडीला आले. संध्याकाळी त्यांच्या बायको, आम्ही त्यांना काकी म्हणत असू, वाटी परत द्यायला आल्या. शेजारची वाटी रिकामी द्यायची नाही म्हणून त्यांनी तिच्यात दोन सुकेळी ठेवली होती. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती. मी तोवर कधी खाल्ली नव्हती. "मनावर घेऊ नको गो बाय," काकी म्हणाल्या. "मला लग्नाच्या वर्साला अठ्ठावीस दिले होते. नापास." एवढं बोलून त्या भिंत धरत धरत परत गेल्या.

हे स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या एकदोन वर्षांतलं. आमचे हे विरार स्टेशनात पार्सल कारकून होते. स्टेशनाजवळ जागा मिळेना म्हणून आम्ही बोळिंजला गुरुजींच्या वाडीत बिऱ्हाड केलं. केळी, पानवेल, चार नारळ, मध्ये विहीर आणि तिच्यावर रहाट. गुरुजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, पण ते शाळेला कळलं होतं, त्यांना नाही. समोर येईल त्याची ते परीक्षा घेत आणि निकाल तिथल्या तिथे लावत. रहाटाच्या बैलाला वर्तणुकीत पैकीच्या पैकी आणि गणितात शून्य, कारण जन्मभर गोल फिरून त्याने एकही फेरी मोजली नव्हती. आळीतल्या एका मुलीला बघायला आगाशीचा मुलगा आला, तेव्हा गुरुजींनी त्याला ओसरीवर बसवून त्रैराशिक घातलं. मुलाला ते सुटलं नाही, पण त्याने तसं सरळ सांगितलं. गुरुजींनी मुलीच्या बापाला कळवलं, "गणित कच्चं आहे, खोटं बोलत नाही. देऊन टाका." ते लग्न झालं, आणि चांगलं झालं.

त्यांच्या कोटाच्या खिशात सुतळीचा गुंडा असे. तिला त्यांनी अंतराअंतरावर गाठी मारल्या होत्या आणि त्या गाठींनी ते सगळं मोजत. केळीच्या दोन रोपांमधली जागा, ख्रिस्ती आळीतल्या लग्नाचा मांडव, मारुतीचा पार. एकदा कात टाकून गेलेल्या सापाची कातसुद्धा त्यांनी मोजली आणि "लहान आहे, घाबरू नका" असं सांगून माझी झोप उडवली. "मोजल्याशिवाय बोलू नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. माणूस पावसाबद्दल बोलला तरी ते विचारत, "मोजला का?"

काकींबद्दल मात्र ते फारसं बोलत नसत. त्या पिढीत बायकोबद्दल चारचौघांत बोलायची रीतच नव्हती. काकीही त्यांना 'आमचे मास्तर' म्हणत, आणि तेही ते समोर नसताना.

काकींचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला होतं. अंधारं, पण थंड. जमिनीवर मातीची चूल, तिला लागून दुसऱ्या भांड्यासाठी वैल. जळणाला नारळाची सोडणं, झावळ्या आणि कामणकडून येणाऱ्या लाकडाच्या मोळ्या. काकी पाटावर बसून रांधत आणि बसल्या जागेवरून सगळ्या घरावर त्यांची सत्ता चाले. पंचाईत व्हायची ती उठताना. दोन्ही गुडघे पार गेले होते. गुरुजींनी रहाटाचा जुना दोर आढ्याला बांधून चुलीजवळ सोडला होता. तो दोन्ही हातांनी धरून काकी स्वतःला वर ओढून घेत, आणि उभ्या राहिल्या की आधी पदर सारखा करून मग कण्हत.

एका दुपारी मी ताक मागायला गेले तर स्वयंपाकघरात करपल्याचा वास कोंडलेला आणि काकी भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या. दोर हातातून निसटला होता. हाक मारली तरी गुरुजी वाडीच्या टोकाला, त्यांना ऐकू गेली नसती. आणि खरं तर काकींनी हाक मारलीच नव्हती.

"कधीपासून बसला आहात?" मी विचारलं.

"भात शिजला, मग करपला, मग चूल विझली. तवापासून," काकी म्हणाल्या. "मास्तरांना सांगू नको."

पण करपलेला वास काही लपत नाही. गुरुजींनी आत येऊन पातेल्यात पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि त्या दिवशी त्यांनी कशालाच गुण दिले नाहीत.

त्यांचा एकुलता एक मुलगा दादरला नोकरीला होता. चांगला मुलगा. वडिलांवर गेला नव्हता, त्यामुळे शहाणाही होता. ही गोष्ट त्याच्या कानावर गेली तसा तो रविवारी आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, "आता पुरे. दोघंही दादरला चला. आईने चूल फुंकायचे दिवस संपले."

काकी दाराआडून म्हणाल्या, "ते तुझ्या बायकोचं घर हाय. तिच्या चुलीशी मी कशाला लुडबुड करू? पाहुनी म्हनून आठ दिस बरं वाटतं."

"मग इथे एखादी बाई ठेवू स्वयंपाकाला."

"माझ्या घरात दुसरीनं रांधायचं, तर इथं पन मी पाहुनीच झाले ना?"

मुलाने वडिलांकडे पाहिलं. गुरुजी सुतळीच्या गाठी चाचपत होते. "दिवाळीपर्यंत मुदत दे," ते म्हणाले. मुलगा समजूतदारपणे म्हणाला, "ठीक आहे. भाऊबीजेला मी जेवायला येतो. त्या दिवशी या घरात नीट स्वयंपाक होत असेल, आणि आईला दोराला लोंबकळावं लागत नसेल, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर मात्र सामान बांधायचं."

तो गेल्यावर काकींनी मला जवळ बसवून घेतलं. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की या घरात आल्या तेव्हा त्यांना धड केस विंचरता येत नव्हते, आणि ही विहीर, ही वाडी सोडून त्या दादरच्या तिसऱ्या मजल्यावर श्वास कसा घेणार. मला गुरुजींचीच जास्त काळजी वाटली. दादरला ते गुण तरी कुणाला देणार होते?

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनी चुलींची परीक्षा सुरू केली. आधी मुंबईहून पितळी पंपाचा स्टो आला. तो स्वयंपाकघरातल्या पेटीवर ठेवून गुरुजींनी हवा भरली. स्टो जो फुरफुरायला लागला तो काकी दोन्ही कानांवर हात ठेवून बसल्या. "आच झकास आहे," गुरुजी ओरडून म्हणाले. काकी म्हणाल्या, "ह्याच्या वरडन्यात भाताचं काय ऐकू?" मला तेव्हा कळलं की काकी भात कानाने शिजवत. पाणी आटत आलं की उकळीचा आवाज बसका होतो आणि मग पातेलं हळूहळू बोलेनासं होतं. त्या आवाजावर त्या लाकूड बाहेर ओढत. स्टोपुढे त्या बहिऱ्या झाल्या, आणि भाताची खीर झाली. गुरुजींनी शेरा दिला, "हुशार, पण वर्गात बडबड फार."

मग सोपाऱ्याच्या बाजारातून वातींचा स्टो आला. तो बोलत नसे, पण तांदळाच्या भाकरीला रॉकेलचा वास लावी. शिवाय रॉकेल त्या दिवसांत मिळालं तर मिळालं. "शांत, मंद, अंघोळ करत नाही," असा त्याचा निकाल लागला. तिसरी परीक्षा कोळशाच्या शेगडीची. ती गुरुजींनी आपल्या लिहायच्या टेबलावर ठेवली, म्हणजे काकींना खुर्चीवर बसून रांधता येईल. काकी खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या, मास्तर घरात असताना तर नाहीच. त्यांची मनधरणी चालू असतानाच टेबलातून धूर निघायला लागला. मी कळशी ओतली. शेगडीला शेरा मिळाला नाही, पण टेबलावरचा तो काळा गोल गुरुजी पुढे पाहुण्यांना दाखवत आणि म्हणत, "हा माझा निकाल."

हे सगळं होऊन ते दोन दिवस ओसरीवर नुसते बसून होते. तिसऱ्या दिवशी मला हाक मारून म्हणाले, "सूनबाई, चूल नापास नाही. जमीन नापास आहे. चूल तीच ठेवायची, जमीन वर आणायची."

आता घरोघरी ओटे आहेत, त्यामुळे यात काय एवढं असं वाटेल. त्या वेळी आमच्या आळीत उभ्याने रांधणं म्हणजे खानावळ. आळीतल्या बायका म्हणाल्या, "उभ्यानं रांधलेलं अंगी लागत नाय." गुरुजींनी त्यांना विचारलं, "मोजलं का?" आणि त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

ओट्याबरोबर भट्टीही करायचं त्यांनी ठरवलं. त्याचं कारण कोळंबीचं भानोळं. बेसनाच्या पिठात कोळंबी कालवून काकी ते पातेल्यात लावत आणि वर झाकणात निखारे, खाली निखारे असं भाजत. निखारे वर ठेवायचे, काढायचे, पुन्हा ठेवायचे, यात त्यांच्या गुडघ्यांचं पीठ होई. पण मुलगा लहानपणापासून त्या भानोळ्यावर जीव टाकी, आणि भाऊबीजेला ते झालंच पाहिजे असं काकींचं म्हणणं होतं. म्हणून गुरुजी भट्टी शिकायला ख्रिस्ती आळीतल्या पाववाल्याकडे गेले. मला आणि काकींना त्यांनी परत येऊन सगळं साग्रसंगीत सांगितलं. पाववाला भट्टीच्या तोंडात हात घालून काहीतरी पुटपुटत होता. गुरुजींनी विचारलं, "काय म्हणतोस?"

"नमो मारिया म्हंतो मास्तर. एक प्रार्थना पुरी होईसतो हात टिकला की पाव टाकायचा. आधीच पोळला तर भट्टी तापट. दोन झाल्या तरी पोळला नाय तर थंड."

"आणि कोणी भराभर म्हटली तर?"

पाववाला विचारात पडला. "देवासमोर घाई कोन करील?" तो म्हणाला.

गुरुजींना ही पद्धत फार आवडली. त्यांनी तिला ऐंशी गुण दिले. पण त्या प्रार्थनेच्या जागी आपण काय म्हणायचं हा प्रश्न होताच. मारुतिस्तोत्र लांब पडलं, हात भाजला. शेवटी दिडकीचा पाढा बरोबर बसला. रॉकेलचा रिकामा डबा आडवा करून, बाहेरून माती थापून त्यांनी अंगणात भट्टी केली, आणि रोज दुपारी तिच्यात हात घालून मोठ्याने दिडकी म्हणायला लागले. गावात बोलवा झाली की मास्तरांनी शिकवणी काढली. दोघांनी तर आपली मुलं पाठवायची तयारी दाखवली.

राहिली ओट्याची उंची. गुरुजी सुतळी घेऊन काकींपुढे उभे राहिले. मी तिथेच तांदूळ निवडत होते. काकी एकदम मागे सरकल्या.

"सुतळी लावायची नाय मला."

"अगं, ओट्यासाठी."

"कशासाठी पन असू दे."

गुरुजींना कळेना. मलाही नाही. मग काकींनी खालच्या आवाजात सांगितलं. ख्रिस्ती आळीत कुणी गेलं की सुतार सुतळी घेऊन येतो, डोक्यापासून पायापर्यंत लावतो आणि गाठ मारून घेऊन जातो. त्या मापाची पेटी होते. काकी जन्मभर शेजारधर्माने त्या घरांत बसायला जात होत्या, आणि ती गाठ मारतानाचा सुतार त्यांनी किती वेळा पाहिला होता. "म्हातारपनी जितेपनी माप द्यायचं नाय," त्या म्हणाल्या. मी सुचवलं, नुसतं भिंतीशी उभं राहा, मी कोळशाने रेघ ओढते. "रेघ काय न् सुतळी काय, मापच ते."

गुरुजींनी आग्रह केला नाही. एरवी अशा गोष्टीला त्यांनी शून्य दिलं असतं. त्यांनी सुतळी गुंडाळली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तुम्ही उभ्या राहा. तुम्ही आणि ती एका उंचीच्या."

"गुरुजी, काकी माझ्या खांद्याला लागतात."

"वाकून चालते म्हणून तसं वाटतं. गुडघे दुखतात ना. चुलीशी खाली बसायचं थांबलं की सरळ होईल."

"मोजल्याशिवाय बोलू नये, म्हणता ना?"

"हे मोजलेलंच आहे," गुरुजी म्हणाले. ते जरासे लाजले होते. "आमच्या लग्नात अंतरपाटाच्या वर हिच्या मुंडावळ्या दिसत होत्या. मी पाहिल्या आहेत."

काकी तांदळाकडे पाहत राहिल्या. मी भाकरी थापायचा आव आणून उभी राहिले आणि गुरुजींनी माझ्या हाताखाली गाठ मारली.

मनवेलपाड्याहून गवंडी आला. आठवडाभर काकींनी माझ्या खोलीत पाटावर बसून रांधलं; मी त्यांना उठवायचं, बसवायचं. गडीमाणसं काम करत असताना त्या तिकडे फिरकल्या नाहीत. गुरुजींचा मात्र पाय एका जागी ठरत नव्हता. ते गवंड्याला लिंपण पुन्हा करायला लावत, मागून जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला खिडकी पाडून घेत, आणि अधूनमधून येऊन काकींना बाहेरूनच सांगत, "उजेड चांगला येतो हो." म्हातारा इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर ओटा तयार झाला. वर मातीची चूल, शेजारी भिंतीत बसवलेली डब्याची भट्टी. काकींना मी हात धरून आत नेलं. गवंडी कोपऱ्यात उभा होता, गुरुजी खिडकीशी. चुलीवर आधीच भाताचं आधण ठेवलेलं होतं. काकी हळदकुंकू वाहायला पुढे झाल्या.

ओटा त्यांच्या बरगड्यांना लागला. त्यावर चूल, चुलीवर पातेलं. पातेल्याचं झाकण त्यांच्या डोळ्यांच्या वर होतं.

काकींनी ओट्याची कड धरली आणि त्या सरळ व्हायला लागल्या. कंबर, मग पाठ, मग मान. दुखत असणार, पण तोंडावर दिसू दिलं नाही.

"अजून थोडी," गुरुजी हळूच म्हणाले.

"झाले," काकी म्हणाल्या. "एवढीच हाय मी आता."

गवंडी चांगला माणूस होता. तो पाट घेऊन आला, म्हणाला, पायाखाली घ्या. आम्ही दोघांनी धरून बघितलं, पण गुडघा त्या पाटाएवढाही वर येईना. गुरुजी तोवर बाहेर गेले होते. मी शोधत गेले तर विहिरीच्या काठावर बसलेले. बैल सोडलेला होता, रहाट थांबलेला.

"ती केव्हा एवढी झाली हो?" त्यांनी मला विचारलं. "रोज समोर होती."

मी तिथेच उभी राहून रडले, आणि रडताना मला त्यांचा हेवाही वाटला, काकींचा जास्त. आपल्याला कुणी इतकी वर्षं अंतरपाटाच्या वरून बघत राहील का, असं माझ्या मनात आलं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी गुरुजींनी गवंड्याला सांगितलं, "तोडून टाका." गवंडी म्हणाला, दिवाळी झाली की उतरवून देतो, आता माणसं मिळायची नाहीत. गुरुजी स्वतःच पहार आणायला निघाले. तेव्हा काकी दारात आल्या.

"मोडायचं नाय," त्या म्हणाल्या. परक्या माणसासमोर त्यांनी नवऱ्याला अडवलं, हे मी प्रथमच पाहिलं. "खाली उतरवलात तरी मला अर्धा भात होईसतो उभं राहवत नाय. तुमी एवढे खुशीत होता, म्हनून बोलले नाय मी."

गुरुजी पहार धरून उभेच.

"तुमच्या कमरेला बरोबर येतोय तो," काकी म्हणाल्या. "तुमी रांधा."

"मला येत नाही."

"मला कुठं येत होतं? नापास केलंत, तरी शिकले ना?"

गुरुजी शिकले. मी तो वर्ग जवळून पाहिला आहे. पहिल्या दिवशी त्यांनी खिडकी लावून घेतली, कारण ती रस्त्यावर उघडत होती आणि निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. धुराने दोघं घुसमटली, तशी काकींनी ती उघडायला लावली. काकी खुर्चीवर बसल्या. आधी अगदी कडेवर, हाक आली की उठायचं असल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी जरा मागे. "लाकूड ओढा." "मीठ." "हाताला पानी लावा आधी." गुरुजी एकदा म्हणाले, "मीठ किती? मोजून सांग." काकी म्हणाल्या, "चव घ्या," आणि ते निमूट चव घेऊ लागले. भाकरी त्यांच्या हातून आफ्रिका खंडासारखी होई, पण फुगायची. अर्नाळ्याची कोळीण पाटी घेऊन रस्त्याने जाताना खिडकीशी थबकली. उघड्या खिडकीत हेडमास्तर, हाताला पीठ. "मास्तर, काकीला बरं नाय का?" तिने विचारलं.

"ती बरी आहे," गुरुजी म्हणाले. "कोळंबी दाखव."

गावात हसू झालं, नाही असं नाही. पाराशी बसणाऱ्यांनी चार दिवस दुसरा विषय काढला नाही. गुरुजी ओसरीवर बसायचे कमी झाले, एवढं मला जाणवलं. रोज रस्त्याने 'नमस्कार मास्तर' म्हणणारा एखादा आता खिडकीकडे बघून खाली मान घाली. त्यांना ते लागलं होतं. पण चूल पेटायची वेळ चुकली नाही.

भाऊबीजेला मुलगा आला. मलाही जेवायला बोलावलं होतं. तो थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला. आत वडील ओट्याशी, धोतर खोचलेलं, हात भट्टीत, तोंडाने दिडकी चालू. आई खुर्चीत. त्याच्या चेहऱ्यावर आधी लाज आली, मग राग.

"बाबा, हे काय? खिडकी उघडी आहे. लोक बघताहेत."

"बघू देत."

"काय म्हणतील?"

"मास्तर स्वयंपाक करतात म्हणतील," गुरुजी म्हणाले. "खरंच आहे ते." त्यांनी भट्टीतून भानोळं काढलं. एक कड करपली होती.

"आई, तुला हे पटतं?" मुलाने विचारलं. "तू बसून राहायचं आणि त्यांनी करायचं? त्यापेक्षा दादरला—"

"मी बसून नाय," काकी म्हणाल्या. "मी शिकवतेय."

मुलगा खाली बसला. गुरुजींनी केळीची पानं मांडली, त्याचं, माझं. मग एक पान त्यांनी ताटात घेतलं, त्यात भात, वरण, भानोळं वाढलं आणि ते ताट काकींच्या मांडीवर दिलं. काकी गडबडल्या. "तुमी आधी," त्या म्हणाल्या. "माझं मागून." ते घर सुरू झाल्यापासून त्या कधी आधी जेवल्या नव्हत्या. सगळ्यांचं झालं की चूल आवरून, पातेल्याच्या तळाशी उरलेलं घेऊन बसायचं, हेच त्यांचं जेवण.

"जेव," गुरुजी म्हणाले. ते ओट्याशी उभेच होते, वाढायचा डाव हातात.

काकींनी घास उचलला आणि झटकन पुन्हा ताटात टाकला. बोटं फुंकली. पुन्हा उचलला, तोंडात घातला, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

"काय झालं?" मुलगा अर्धवट उठला. "तिखट आहे का? करपलंय?"

काकींनी मान हलवली. तोंडातला घास त्यांनी इकडून तिकडे फिरवला, गिळला, आणि पदराने डोळे पुसले.

"गरम हाय," त्या म्हणाल्या. "सवय नाय रे मला."

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. मग खाली बसून त्याने मान घातली ती भात संपेपर्यंत वर केली नाही. भानोळं त्याने दोनदा मागून घेतलं, करपलेल्या कडेसकट. संध्याकाळच्या गाडीने तो एकटाच दादरला परत गेला.